काट्याशी भांडायचं नाही

होऊद्याकाकांचं खरं नाव अख्ख्या इमारतीत फक्त टपाल आणणाऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते होऊद्याकाका. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गाणं ऐकायला जो कोणी जाई, त्याच्या कानांवर गाण्याच्या आधी एकच वाक्य पडे, "थांबा, घाई नको. आधी गरम होऊ द्या."

गरम व्हायचं ते काकांचं यंत्र. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर. पत्र्याची काळी पेटी, तिच्यावर ओळीने उभे काचेचे व्हॉल्व्ह आणि बाजूला कपाटाएवढा एकच स्पीकर. बटण दाबलं की काचेच्या पोटात आधी नुसती लालसर रेघ उमटायची, मग ती नारिंगी व्हायची, आणि काका त्या उजेडाकडे इतकं टक लावून बघत, की काकूंना वाटायचं, लग्नाच्या दिवशी यांनी आपल्याकडे याच्या निम्मंही बघितलं नव्हतं.

"व्हॉल्व्ह तापला की गातो," काका पाहुण्यांना समजावून सांगत.

"आणि मी तापले की?" काकू आतून विचारत.

"तेव्हा मी व्हॉल्व्ह बघत बसतो."

नोकरीत काका वजनमापांचे निरीक्षक होते. मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं घेऊन त्यांनी उभा जन्म दुकानोदुकानी काटे तपासले. धान्याचे, सोन्याचे, भंगाराचे. दुकानदार हुज्जत घालायला लागला की ते आवाज न चढवता म्हणायचे, "काट्याशी भांडायचं नाही. काटा खोटा वाटतो ना? मग दुसऱ्या काट्याने सिद्ध करा. तोंडाने नाही." निवृत्तीनंतर दुकानं सुटली, वाक्य घरी आलं. ताप हाताला कितीही लागो, थर्मामीटर म्हणेल तेवढाच. केक फुगला नाही तर चूक काकूंची नव्हे, पाव किलोच्या जागी मुठीने घेतलेल्या मैद्याची.

गाण्यालाही त्यांनी काटाच लावला होता. नेहमीच्या गाण्याची तबकडी सुरू झाली की ते डावी बाही कोपरापर्यंत दुमडत आणि हात खुर्चीच्या दांडीवर उताणा न ठेवता पालथा ठेवत. ठरलेल्या जागी गाणाऱ्या बाईंचा सूर वर चढला आणि हातावरचे केस उभे राहिले, की यंत्र पास. "अंगावर येणारा काटासुद्धा खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "ओढूनताणून आणून दाखवा बरं!"

पण गेलं वर्षभर हा काटा येईनासा झाला होता.

"आवाजावर कोणीतरी कांबळं टाकलंय," काका म्हणायला लागले. आधी त्यांनी सुई बदलली. मग वायरी बदलल्या. मग व्हॉल्व्हांवर संशय आला आणि घरात व्हॉल्व्ह यायला सुरुवात झाली. असले व्हॉल्व्ह आता नव्याने कुठे सहज बनत नाहीत, निदान काकांच्या मनासारखे तर नाहीतच. त्यामुळे बंद पडलेली चित्रपटगृहं, मोडीत निघालेली जहाजं, कुणाच्या तरी आजोबांचा माळा, असा कुठून कुठून तो माल निघायचा आणि कापसात गुंडाळून काकांकडे यायचा. तुटू नयेत म्हणून काका ते लोकरी मोज्यांत घालून कपाटात ठेवत. एकदा काकूंनी मोजे धुवायला टाकले. त्या दिवशी कोणी कोणाला काय म्हणालं ते सोडून देऊ, पण तेव्हापासून काकू मोजा दाबून बघितल्याशिवाय मशीनमध्ये टाकत नाहीत.

यातले सगळ्यात नखरेल व्हॉल्व्ह म्हणजे शेवटचे मोठे दोन. ते जोडीने काम करतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो. दोघांचा जोर सारखा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. म्हणून ते सुटे घेत नाहीत, मोजून जुळवलेली जोडीच घ्यायची असते. काका या जोडीसाठी फोनवर बोलत असले की जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जायचं.

"जोडी आहे का? नाही नाही, एकटी नको! वय झालेलं चालेल हो, पण थकलेली नको! आधी कोणाकडे होती? आणि बघून घेणार मी, फोटोवर नाही ठरवणार!"

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई संध्याकाळी वाटी परत द्यायच्या निमित्ताने खाली आल्या आणि काकूंचा हात हातात घेऊन हलकेच म्हणाल्या, "वहिनी, सगळं ठीक आहे ना? म्हणजे, काका कोणासाठी बघताहेत?"

काकूंना हसू आवरेना. पण दार लावून घेतल्यावर हसू जरा ओसरलं. कारण मुद्दा जोडीचा नव्हताच. मुद्दा होता, ते एवढ्या मोठ्यांदा का बोलत होते?

काकूंना उत्तर कधीच कळून चुकलं होतं. आवाजावर कांबळं वगैरे काही नव्हतं. यंत्र पूर्वीइतकंच गोड वाजत होतं. कपडे धुवून झाले की मशीन बारीक शीळ घालतं, ती काकांना ऐकू येत नव्हती. "बिघडलंय तुझं मशीन, वाजतच नाही," असं ते त्या शिळेत उभं राहून म्हणाले होते. लेक फोनवर पुटपुटते, बातम्या देणारे तोंडातल्या तोंडात बोलतात, खिडकीतली पाखरं कुठे गेली कोण जाणे. जगातला एकूण एक माणूस आणि पक्षी बिघडला होता, काकांचे कान सोडून.

एकदा काकूंनी सांगून पाहिलं. "अहो, कान दाखवून येऊ या का?"

"माझे कान? अगं, तराजूच्या नुसत्या खटक्यावरून मी सांगायचो, पारडं हलकं आहे म्हणून!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. बायकोचं तोंड हे काही प्रमाणित माप नव्हे, त्यावर कुठल्या खात्याचा शिक्का नसतो. शिवाय खरं सांगायचं तर काकूंचीही एक सोय झाली होती. ओट्याशी उभं राहून त्या हल्ली हवं ते पुटपुटू शकत होत्या. काकांबद्दल, काकांच्या बहिणीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. मन मोकळं व्हायचं आणि घरात शांतता राहायची.

पण त्या आठवड्यात काकांनी जे केलं, त्याने काकूंची झोप उडाली.

रविवारच्या मंडळींत दातांचे एक डॉक्टर होते. यंत्रावर त्यांचा जीव. "काका, कधी द्यावंसं वाटलं तर आधी मला," असं ते दर वेळी निघताना म्हणत आणि दर वेळी काका त्यांच्या पाठीवर थाप मारत. या वेळी थाप मारली नाही.

"एक शेवटची जोडी बघतो," काका म्हणाले. "तिनेही काटा आला नाही, तर पुढच्या रविवारी गाडी घेऊन या आणि घेऊन जा. मेलेल्या यंत्राची पूजा करत बसणाऱ्यांतला मी नाही."

डॉक्टर खूश झाले, आणि मग काकूंचा चेहरा बघून जरा ओशाळले.

काकूंच्या डोळ्यांपुढे पुढचा सगळा काळ उभा राहिला. यंत्र गेलं की रविवार गेला. रविवार गेला की माणसं गेली. मग काका खिडकीशी बसणार, कोणी काही बोललं की "हो हो" म्हणून हसणार, आणि हळूहळू हसणंही सोडून देणार. हे असं मिटत जाणं त्यांनी आपल्या वडिलांच्या बाबतीत बघितलं होतं. यंत्र घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. कसं, ते ठरत नव्हतं.

"जोडी बघायला मीपण येणार," त्या म्हणाल्या.

"तू? तुला त्यातलं काय कळतं?"

"जोडी कशी निभावते ते कळतं. पुरे आहे तेवढं."

व्हॉल्व्हवाल्याचं दुकान कुलपांच्या दुकानावरच्या माळ्यावर होतं. अरुंद लोखंडी जिना, वर कथील वितळल्याचा वास आणि भिंतभर पुठ्ठ्याच्या लहान लहान खोक्यांची चळत. दुकानदाराला सगळे जोडीवाले म्हणत, कारण तो सुटा व्हॉल्व्ह विकायला तयारच नसे. वाटोळा, हसरा माणूस. तो प्रत्येक व्हॉल्व्ह रुमालाने धरायचा, नवजात बाळ उचलावं तसा.

"या साहेब, या! आज वहिनींनापण आणलंत? म्हणजे आज पसंती होणार!"

त्याने कापसातून दोन उंच व्हॉल्व्ह काढले आणि उजेडात धरले. काचेच्या डोक्यावर आतून चंदेरी डाग होता. "हा बघा वहिनी, आरशासारखा आहे ना? हा पांढरा पडला की समजायचं, आत हवा शिरली, खेळ संपला. हे अजून कोरे आहेत. पेटीतून पहिल्यांदाच बाहेर येताहेत."

"आधी माझी जुनी जोडी लावा," काकांनी पिशवीतून दोन लोकरी मोजे काढले. "किती थकलीय ते बघू. मग नवी लावा. फरक दिसला पाहिजे."

जोडीवाल्याचं तपासणीयंत्र म्हणजे एक जुनी बॅग होती. झाकण उघडलं की आत भोकांच्या ओळी, बटणं आणि मधोमध मोठी तबकडी. तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे आणि एक काळा काटा. त्याने पहिला जुना व्हॉल्व्ह खोचला. व्हॉल्व्ह तापला, काटा हलला, लाल ओलांडून, पिवळा ओलांडून हिरव्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. दुसरा लावला. काटा त्याच जागी.

"साहेब," जोडीवाला म्हणाला, "हे थकलेले नाहीत. ठणठणीत आहेत."

मग नवी जोडी लागली. काटा पुन्हा तिथेच. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. तबकडीवर टिचकी मारली. "तुमचा काटा अडकतोय."

"नाही हो साहेब."

"अडकतोय! माझ्या व्हॉल्व्हांतून आवाज मेलाय, आणि हा म्हणतो ठणठणीत? खोटा आहे हा काटा!"

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. खाली कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा हलवत होतं. काकूंनी काकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत, इतक्या दुकानांत, समोरच्याने हेच वाक्य उच्चारलं की हा माणूस किती शांतपणे हसायचा! काकांच्याही लक्षात आलं असावं. कारण त्यांचं बोट तबकडीवरच राहिलं आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमच्याकडे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरा काटा आहे?"

जोडीवाल्याने बिचाऱ्याने टेबलाखालून दुसरं मीटर काढलं. दुसऱ्या काट्यानेही तेच सांगितलं. काकांनी जुनी जोडी मोज्यांत घातली. नवी घेतली नाही. जोडीवाल्याने जिन्यापर्यंत येऊन काकूंना विचारलं, "वहिनी, साहेब रागावले का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या, "गरम होताहेत. होऊ द्या."

रस्त्याने काका मोज्यांची पिशवी छातीशी धरून चालले. बसथांब्याच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, "व्हॉल्व्ह बरोबर. सुई नवी. वायरी नव्या. स्पीकर तपासला. मग राहिलं काय?"

काकू नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

काकांनी हळूच उजव्या कानाला हात लावला. मग तो खाली घेतला, जणू खाज सुटली होती.

"तिथे काटा असतो का?" त्यांनी विचारलं. "की नुसतं, ऐकू येतंय का हो आजोबा, असं विचारतात?"

"काटा नाही, आलेख काढतात. कागदावर हातात देतात."

"छापील?"

"छापील."

दुसऱ्याच दिवशी ते कान तपासणाऱ्या मुलीच्या दवाखान्यात बसले होते. तिने काकांना काचेच्या दाराच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीकसाही आवाज आला तरी दाबायचं. काकूंना बाहेरून दिसत होतं: आधी काका पटापट बटण दाबत होते, परीक्षेत पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. मग सावकाश. मग बराच वेळ बोट नुसतंच बटणावर होतं आणि काका छताकडे बघत होते. मुलीचं यंत्र मात्र चालूच होतं.

बाहेर आल्यावर तिने कागद पुढे ठेवला. दोन रेघा, डावीकडून सरळ निघालेल्या आणि मध्यावर आल्यावर घसरगुंडीवरून सुटलेल्या.

"काका, जाड आवाज तुम्हाला छान ऐकू येतात. बारीक, उंच आवाज तेवढे गेलेत. आणि डावा कान उजव्यापेक्षा जास्त उतरलाय."

"म्हणजे जोडी जुळत नाही," काका म्हणाले.

"अं? हो, तसंच म्हणा."

काका पुढे वाकले. "मुली, राग मानू नकोस. पण हे तुझं यंत्र कोणी तपासलंय का?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पण ती मुलगी हसली आणि तिने यंत्र सरळ उलटं फिरवलं. पाठीमागे एक गोल शिक्का चिकटवलेला होता: तपासणी केल्याची तारीख, पुढची तारीख, तपासणाऱ्याची सही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक लावून तो शिक्का वाचला. तारीख याच वर्षीची होती. त्यांनी सहीवरून हलकेच अंगठा फिरवला. मग ते सरळ बसले.

"काट्याशी भांडायचं नाही," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही. "दाखव काय देतेस ते."

मुलीने छोट्या डबीतून करड्या रंगाची दोन यंत्रं काढली, शेंगदाण्याएवढी. काकांनी ती तळहातावर उलटीपालटी केली.

"यात व्हॉल्व्ह तर नसणार."

"नाही हो, चिप असते."

"म्हणजे ट्रान्झिस्टर!" काका खुर्चीतून उठायच्या बेतात आले. "अगं, मी आयुष्यात घरात ट्रान्झिस्टर शिरू दिला नाही. थंड माल! बटण दाबलं की लगेच बडबड सुरू. आणि आता तो कानात घालू?"

"एक नाही काका, लाखो असतात यात."

"लाखो!"

"बघा," काकू म्हणाल्या, "लाखो मावतात त्या कानात, आणि इतकी वर्षं माझं एक वाक्य मावत नव्हतं."

मुलगी इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग तिने दोन्ही यंत्रं काकांच्या आलेखाच्या मापाने जुळवली, डाव्याला जास्त जोर, उजव्याला कमी, आणि सांगितलं, "ही जोडी आहे. फक्त तुमच्यासाठी जुळवलेली. घरी नेऊन वापरून बघा."

जोडी हा शब्द ऐकून काका जरा मऊ झाले. यंत्रं कानात बसली. काकूंनी पिशवीची चेन लावली आणि काका दचकले.

"केवढ्याने वाजते ही! सगळं पत्र्यासारखं येतंय. काढा, काढा."

"सवय व्हायला वेळ लागतो," मुलगी म्हणाली.

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "थांबा. घाई नको. आधी गरम होऊ द्या."

पुढचे दिवस काका घरभर आवाज शोधत फिरले. वर्तमानपत्र पत्र्यासारखं कडकडत होतं. फ्रिज कण्हत होता. मशीनने शीळ घातल्यावर ते न्हाणीघरात धावले आणि परत येऊन म्हणाले, "दुरुस्त करून घेतलंस होय? बोलली नाहीस." पण गाण्याच्या यंत्राला त्यांनी हात लावला नाही. रोज जाता येता बघायचे आणि पुढे जायचे. काकूंना कळत होतं, भीती वाटतेय. कानांत जोडी घालूनही काटा आला नाही, तर मग तपासायला काही उरणारच नव्हतं.

रविवारी दातांचे डॉक्टर आले. गाडी खाली होती आणि काखेत यंत्र गुंडाळायला जाडजूड कांबळं.

"काका, मला अजून वाईट वाटतंय," ते म्हणाले.

"बसा तर खरं," काका म्हणाले.

त्यांनी मोज्यांतून जुनीच जोडी काढली आणि जागच्या जागी खोचली. बटण दाबलं. लाल रेघ, मग नारिंगी. काकांनी तीच तबकडी लावली, बाही दुमडली, हात पालथा ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या. हात कधीच कोरडे झाले होते.

गाणं सुरू झालं. ठरलेली जागा जवळ येत गेली. काका हाताकडे बघत होते, डॉक्टर काकांकडे, काकू दोघांकडे. पण सूर वर चढायच्या आधीच, ओळ उचलण्यापूर्वी, गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला. एवढासा, नुसता आत ओढलेला श्वास. काकांनी झटकन मान वर केली.

"श्वास घेतला त्यांनी," ते म्हणाले. "ऐकलंत? विसरलोच होतो मी. त्या तिथे श्वास घेतात."

आणि काकूंना दारातून दिसलं: कोपरापासून मनगटापर्यंत, वाऱ्याने गवत उठावं तसे, काकांच्या हातावरचे केस उभे राहिले होते. सूर तर पुढे चढायचाच होता.

गाणं संपल्यावर डॉक्टरांनी मांडीवरच्या कांबळ्याची घडी नीट केली. "म्हणजे मी हे परत नेऊ?"

"न्या," काका म्हणाले. "ते यंत्रावर नव्हतंच कधी. माझ्या कानांवर होतं." आणि त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर अशी थाप मारली की डॉक्टर हसता हसता खोकले. "पुढच्या रविवारी या. रिकाम्या हातांनी या. आणि त्या जोडीवाल्यालापण आणू. त्याची माफी मागायची राहिलीय माझी."

काकू आत वळल्या, त्यांनी किटलीत पाणी भरलं आणि सवयीने ओट्याशी पुटपुटल्या, "वर्षभर नुसता जीव टांगणीला लावला. आता चहापण मीच टाकायचा."

"मी टाकतो चहा!" बाहेरून आवाज आला.

काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. काका आत आले, त्यांनी किटली काढून घेतली आणि शेगडीवर ठेवली. काकूंच्या डोक्यात भराभरा मागचे दिवस फिरले. मशीनपाशी मी काय म्हणाले, शिक्षिकाबाई पुन्हा येऊन गेल्यावर मी काय म्हणाले. आणि परवा नणंदेचा फोन झाल्यावर ओट्याशी चांगली पाच मिनिटं मी जे काही म्हणाले, तेव्हा हे कुठे होते? खुर्चीत. जोडी कानांत घालून.

काका किटलीकडे बघत होते, पाणी गरम होण्याची वाट बघत. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"ताईबद्दल म्हणालीस ना परवा," ते म्हणाले, "ते तसं खरंच आहे."